अकरावा रकाना आणि अकराशे चार अळ्या

अर्जातला अकरावा रकाना साडेचार इंच लांब आणि पाऊण इंच उंच होता. मी फूटपट्टी लावून दोनदा मोजला. दोन्ही वेळा तेच आलं. आत छापलं होतं, 'संशोधनाचा अनुभव (असल्यास)'. कंसातला शब्द इतर शब्दांपेक्षा बारीक टायपात होता. म्हणजे असा अनुभव कुणाला असेल, अशी छापणाऱ्यालाही फारशी आशा नसावी. त्याच्या वरच्या रकान्यात खेळ आणि छंद लिहायचे होते. त्यांना पुरते दीड इंच दिले होते. (अर्ज सगळा इंग्रजीत होता. मी तो मराठीत सांगते आहे, कारण त्यावर जे सल्ले मिळाले ते सगळे मराठीत होते.)

अर्ज नागपूरला एम.एस्सी.च्या प्राणिशास्त्राच्या वर्गात जाण्यासाठी होता. माझा अनुभव असा: बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी नऊ आठवडे मी लोहाऱ्याच्या दोन शेतांतून कापसाची बोंडं आणली, घरी फोडली आणि आतल्या शेंदरी बोंडअळ्या मोजल्या. बोंडं दोन हजार तीनशे सोळा, अळ्या अकराशे चार. एका शेतातल्या जुन्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, उन्हाळ्यात उपटून जाळल्या होत्या, दुसऱ्यातल्या तशाच उभ्या होत्या. जाळलेल्या शेतात अळ्या कमी निघतील अशी अपेक्षा होती. कमी निघाल्या, पण इतक्या थोड्या कमी, की त्यावरून काही म्हणता येऊ नये. तोच माझा निष्कर्ष: काही म्हणता येत नाही. हे वाक्य पाऊण इंचात आरामात बसलं असतं.

पण आमच्या घरी कागद एकट्यानं भरायची पद्धत नाही. माझे वडील, नाना, यवतमाळला एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. आधी मसुदा, मसुद्यावर शेरा, शेऱ्यावर चर्चा आणि मग स्वच्छ प्रत, हा क्रम त्यांनी बावीस वर्षं कधी मोडला नव्हता. दुधवाल्याला 'उद्यापासून अर्धा शेर कमी' हे कळवायची चिठ्ठीसुद्धा आमच्याकडे दोन दिवस विचाराधीन असे, आणि तोवर दूध पूर्ण येत असे.

आणि खरं सांगायचं तर अडचण अकराव्या रकान्याची नव्हतीच. ती शेवटच्या पानावर होती: 'पालकाची संमती'. मी नागपूरला वसतिगृहात राहून शिकावं की नाही, हे नानांना मार्चपासून विचारलं जात होतं, आणि मार्चपासून नाना म्हणत होते, "बघू." ते नाही म्हणाले असते तर रडून मोकळी झाले असते. हो म्हणाले असते तर ट्रंक भरायला घेतली असती. 'बघू'वर शास्त्रात काही उपाय नाही. अर्ज तीस जूनच्या आत नागपूरला पोचायला हवा होता. मी रकाना मोजला ती तारीख आठ जून होती, साल एकसष्ट.

संमतीबद्दल बोलायचं नाही, पण अर्जाबद्दल तर बोललंच पाहिजे, म्हणून सगळं घर अकराव्या रकान्यावर तुटून पडलं.

पहिले आले समोरचे नीळकंठराव. हे निवृत्त हेडमास्तर. शाळेतली मुलं हातची गेल्यापासून ते गल्लीतल्या लोकांचे कागद तपासत. माझा मसुदा त्यांनी हातभर लांब धरून वाचला.

"'अळ्या मोजल्या'? अगं, मोजायला काय, कुणीही मोजतं! लिही, 'वऱ्हाडातील कार्पासकीटकांचा सर्वांगीण अभ्यास'."

"पण काका, मी दोनच शेतं पाहिली."

"कुठली शेतं?"

"लोहाऱ्याची."

"लोहारा कुठं आलं?"

"यवतमाळजवळ."

"यवतमाळ वऱ्हाडात आहे की नाही?"

"आहे."

"मग झालं तर!" असं म्हणून त्यांनी पानाच्या डब्याकडे हात पुढे केला. भूमितीतला सिद्धांत ते असाच शिकवत असणार. मग त्यांची नजर निष्कर्षावर गेली. "आणि हे काय, 'काही म्हणता येत नाही'? निष्कर्षाशिवाय संशोधन म्हणजे नवरदेवाशिवाय वरात गं! काहीतरी म्हण. कुणी लोहाऱ्याला जाऊन मोजणार आहे का?"

नवरदेवाचं नाव निघताच आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. अमरावतीचं एक स्थळ तिच्या मनात होतं. "मी काय म्हणते, कुंदा, अळ्याबिळ्या लिहूच नकोस. अमरावतीवाल्यांची एक मावशी नागपूरला असते. तिच्या हाती पडला कागद म्हणजे?"

"कॉलेजातले अर्ज मावशांना वाचायला देत नाहीत, आई."

"तुला काय माहीत कुणाला काय देतात! नुसतं 'कापसाचं काम केलं' असं लिही. वाती वळल्या असतील म्हणतील."

तीन दिवसांत पाच मसुदे झाले. दुसऱ्यात मी वऱ्हाडभर हिंडले होते. तिसऱ्यात अळ्या गेल्या आणि नुसता 'कापूस' उरला. चौथ्यात नानांनी 'सदरहू अर्जदार हिने' अशी सुरुवात केली, त्यामुळे मी काय केलं हे सांगायच्या आतच रकाना संपला. आमचं आडनाव पांढरीपांडे असल्यामुळे तो एरवीही लवकर संपतो. पाचव्यात मी काही शोध लावला होता, पण कोणता, हे नीळकंठराव उद्या सुचवणार होते. या पाचव्या मसुद्यातली मुलगी मला फार हुशार वाटली. तिला प्रवेश मिळाला असता तर मी तिचं अभिनंदनही केलं असतं.

शेवटचा सल्ला रहमतचाचांचा. हे आमच्या मागच्या घरात राहत आणि जिनिंगची यंत्रं दुरुस्त करत. लोहाऱ्याची ती दोन्ही शेतं त्यांच्या मेहुण्याची. दर रविवारी आपल्या खटारा जीपमधून मला तिथं नेत, आणि लोकांनी काही बोलू नये म्हणून हुस्नाबीचाची सोबत येऊन बांधावर सुपारी कातरत बसत. कुंपणावरून त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"कुंदा बेटी, तुनं केलं काय? बोंडं फोडली, अळ्या मोजल्या. थेच लिही ना! थ्या अळीले हे लोक कायले शालू नेसवून राह्यले?"

हा सल्ला इतका सरळ होता की घरात कुणी त्यावर चर्चाच केली नाही. मी मात्र आत गेले, दौत उघडली आणि चांगल्या प्रतीवर लिहिलं: 'दोन शेतांतील २३१६ बोंडांतल्या शेंदरी बोंडअळ्यांची मोजणी. दोन्हींतला फरक काही ठरवण्याइतका नाही. तक्ता सोबत.' तरीही तीन सुतं जागा उरली.

नाना कचेरीतून आले. त्यांनी कागद पाहिला. "शाईनं?" एवढंच म्हणाले. एखाद्याला घर फोडल्याचं सांगावं आणि त्यानं नुसतं 'कुलूप?' म्हणावं, तसं. मग म्हणाले, "ठीक. पण विधान केलं की पुरावा आला. सरांचं प्रमाणपत्र कुठं आहे?"

आमचे कॉलेजातले ढोमणे सर सुट्टीत मारेगावजवळच्या आपल्या गावी गेलेले. राजूरच्या कोळशाच्या खाणीतला कुठलासा पंप बघायला रहमतचाचा तिकडेच निघाले होते, तेव्हा नाना आणि मी त्यांच्या जीपमध्ये बसलो. जीप वाटेत तीनदा थांबली. पहिल्यांदा पाण्यासाठी, दुसऱ्यांदा पंक्चर म्हणून, आणि तिसऱ्यांदा का ते चाचांनाही कळलं नाही. "तिचं मन झालं," म्हणाले. नाना तेवढा वेळ बाभळीच्या सावलीत उभं राहून घड्याळ बघत होते. मला वाटलं, आता विचारावं. विचारलंही. "बघू," नाना म्हणाले, आणि जीपचं मन लगेच पालटलं.

सर पावसाआधी छपरावर चढून कवेलू, म्हणजे कौलं, फेरत होते. खाली उतरायला त्यांना सवड नव्हती. मी कागद, दौत आणि टाक टोपलीत ठेवून दोरीनं वर पाठवले आणि दहा मिनिटांनी प्रमाणपत्र त्याच टोपलीतून खाली आलं. कडेला कवेलूची माती लागली होती. मजकूर असा: 'कुमारी कुंदा ही सुस्वभावी, आज्ञाधारक व वक्तशीर असून वडीलधाऱ्यांचा मान ठेवते. प्रयोगशाळेतील उपकरणे स्वच्छ ठेवते. कीटकांना भीत नाही.' सहा वाक्यांच्या योग्यतेच्या कामाला शेवटी तीन शब्द आले होते, आणि तेही माझ्या धैर्याबद्दल. आईला हे प्रमाणपत्र मात्र फार आवडलं. शेवटचं वाक्य झाकून ते अमरावतीला चालेल, असं ती म्हणाली.

"यात संख्या नाही," परतताना नाना म्हणाले. "म्हणजे तक्त्यालाच आधार पाहिजे. त्याची प्रत खरी आहे असं साहेबांच्या सहीनं झालं पाहिजे."

साहेब म्हणजे नानांच्या कचेरीतले वरिष्ठ. मी तक्ता वहीतून सुबक उतरवला. दुसऱ्या दिवशी तो सहीला जाईल असं मला वाटलं, कारण मी विज्ञान शिकले होते, कचेरी नाही. प्रती सहीसाठी साहेबांपुढे ठेवायचं काम नानांचंच होतं. आणि मूळ कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नानांनी आजवर कुणाचीही प्रत पुढे सरकवली नव्हती, सख्ख्या मेव्हण्याचीसुद्धा. तो मामा अजून आमच्याकडे चहा घेत नाही.

"मूळ?" नानांनी घरीच, ओसरीवर बसून विचारलं.

मी वही पुढे केली.

"ही तू कशावरून लिहिलीस?"

"अळ्या मोजून."

"म्हणजे वहीसुद्धा प्रतच. मूळ म्हणजे अळ्या."

मी खूप विचार केला. दुःख याचं, की शास्त्रीयदृष्ट्या नानांचं म्हणणं बिनचूक होतं. आमच्या परीक्षकांनीही इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. आणखी दुःख याचं, की अळ्या होत्या. सगळ्या मी फॉर्मॅलिनमध्ये जपून ठेवल्या होत्या, माळ्यावर, मोरंब्याच्या तीन बरण्यांत. त्या बरण्यांचा विषय निघाला की आई अजूनही पदर डोळ्यांना लावते.

सत्तावीस जूनला, टपाल निघायला चार तास असताना, मी आणि तीन बरण्या रहमतचाचांच्या जीपमधून कचेरीत पोचलो. तिथल्या कागदांवर अजून जुन्या राज्याचं नाव छापलेलं होतं. ते खोडून मधल्या राज्याचा शिक्का, तो खोडून नव्याचा. राज्यं दोन बदलली तरी कागद संपला नव्हता. नानांनी माझ्या प्रकरणाची रीतसर फाईल केली होती. वर त्यांच्याच वळणदार अक्षरात शेरा: 'मूळ पाहिले नाही. मूळ म्हणजे अळ्या. हजर करण्यास सांगितले आहे. सादर.' खाली अर्जदाराचं नाव आणि मग अर्जदाराच्या वडिलांचं नाव, जणू तो मनुष्य दुसऱ्या तालुक्यात राहतो.

शिपाई खेमसिंगनं बरण्या टेबलावर ठेवल्या आणि तो दोन पावलं मागे सरला. "बाई, ह्या मेल्या हायेत ना पक्क्या?"

"आठ महिने झाले."

"तसं नाई. आमच्या इथल्या फायली बी मेल्यावानी दिसते, अन् मंग एकदम उठते. म्हनून इचारलं."

दोन कारकून मोजायला बसले. झाकणं मी मेणबत्तीच्या मेणानं बंद केली होती. ती उघडताच फॉर्मॅलिननं आपला गुण दाखवला. टाकाच्या टोकानं एकेक अळी उचलून थाळीत ठेवताना दोघांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. शेजारचा टंकलेखक रुमालात तोंड खुपसून बसला. वीस मिनिटांत सगळी कचेरी मुसमुसत होती. बाहेर कसल्याशा उताऱ्यासाठी सकाळपासून बसलेल्या एका म्हाताऱ्यानं दारातून आत पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली आणि खेमसिंगला हळूच विचारलं, "कोन गेलं म्हनावं?"

"अजून मोजून राह्यले," खेमसिंग म्हणाला.

म्हातारा भिंतीला टेकून खालीच बसला.

मोजणी संपली. एक हजार सत्त्याण्णव.

"सात कमी," नाना म्हणाले.

"सात मी ढोमणे सरांना दिल्या. कॉलेजच्या संग्रहासाठी."

"पोच घेतलीस?"

"अळ्यांची?"

"दिल्याची."

आयुष्यात ज्या गोष्टीचा मला अभिमान होता ती थाळीत ओली पडली होती आणि तिच्यात सातची तूट होती.

"शिवाय," एक कारकून डोळे पुसत म्हणाला, "अर्जात शेंदरी म्हटलं आहे. या पांढऱ्या आहेत."

"फॉर्मॅलिनमध्ये रंग उडतो," मी म्हणाले.

"तसा दाखला आहे?"

नानांनी टाक उचलला. मी ओळखलं, आता फाईलवर येणार, 'खुलासा मागवावा'. खुलासा आला की त्याची छाननी, छाननीवर टिपण, आणि तोवर तीस जून होऊन गेलेला. घड्याळात दोन वाजले होते. टपाल चारला निघायचं. मला पहिल्यांदाच असं वाटलं की आपण ओरडावं, पण मला ओरडता येत नाही. मी नुसतं थाळीकडे पाहत राहिले.

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं आणि नाकाला रुमाल लावून साहेब बाहेर आले. "पांढरीपांडे, हा वास कसला? आणि बाहेर तो म्हातारा माझ्याकडे बघून दचकला का?"

नानांनी फाईल पुढे केली. साहेबांनी शेरा वाचला, थाळी पाहिली, परत शेरा वाचला. मग माझा तक्ता ओळीओळीनं वाचला. आजवर इतका वेळ तो कुणीच वाचला नव्हता.

"ही बोंडं कुठं फोडलीस?" त्यांनी मला विचारलं.

"घरी. ओसरीवर."

"घरात कुणी पाहिलं?"

मी नानांकडे पाहिलं. नाना फाईलच्या दोरीची गाठ सोडवत होते. ती सुटलेलीच होती.

"पांढरीपांडे, तुम्ही पाहिलंत?"

"हो, साहेब." नानांचा आवाज कचेरीतला नव्हता, घरचा होता. "नऊ आठवडे. टरफलं मीच झाडायचो. तिचा आकडा चुकू नये म्हणून त्या वेळात घरात कुणाला बोलू द्यायचो नाही."

हे मला माहीत नव्हतं. त्या दिवसांत घर इतकं शांत कसं, याचं श्रेय मी आजवर माझ्या एकाग्रतेला देत आले होते.

"मग मूळ तुम्ही पाहिलंय की," साहेब म्हणाले. "वर 'पाहिले नाही' कसं लिहिलंत? बावीस वर्षांत तुमचा एक शेरा चुकलेला मला कुणी सांगितला नाही." त्यांनी फाईल मिटली. "तुम्हाला अळ्या नको होत्या. तुम्हाला दिवस हवे होते."

दोन्ही कारकून एकदम शाई भरू लागले. साहेबांनी उभ्याउभ्याच तक्त्यावर सही केली, शिक्का मारला आणि अर्ज चाळत शेवटच्या पानावर आले.

"इथं संमती कोरी आहे."

"बघू..." नाना म्हणाले, आणि सवयीनं म्हटलेलं त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं.

"काय बघायचं राहिलंय?"

"एकटी मुलगी, साहेब. आमच्यात आजवर कुणी..." नानांनी दौतीचं झाकण लावलं. "कधी घराबाहेर राहिली नाही. तिला मोठ्यानं बोलता येत नाही. काही लागलं तर मागणार नाही ती."

"मोजता तर येतं," साहेब म्हणाले. "पाठवणार आहात की नाही, एवढंच सांगा. टपाल जायचंय."

टंकलेखकानं तोंडावरचा रुमाल काढला. खेमसिंग दारात थबकला. नानांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. डोळे वाहत होते, पण ते तर सगळ्यांचेच वाहत होते. मग त्यांनी माझ्याकडे न पाहता, सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

"जाईल. कुंदा नागपूरला जाईल."